मीठ बरोबर होतं

शेलूबाजारात माणिकराव गुरुजींना नावं ठेवणारा माणूस शोधूनही सापडला नसता. उभी हयात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवली. पान नाही, तंबाखू नाही, दारूचा तर वासही नाही. जयंतीला भाषण करायला उभे राहिले की चौकातली गडबड आपोआप थांबायची. बायकोवर त्यांनी हात उचलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो कधी उचललाही नाही. बाया लिलाबाईला म्हणत, "तुले काय कमी हाय वं? सोन्यासारखा मानूस भेटला." लिलाबाई मान डोलवी. तिलाही तसंच वाटायचं. कमी असेल तर ती आपल्यातच असणार, असं तिनं फार लवकर ठरवून टाकलं होतं.

ती मानोऱ्याकडची. बाप मजुरी करायचा, पण लेकीला त्यानं दहावीपर्यंत शिकवलं आणि मास्तर जावई मिळाला म्हणून गावभर सांगत फिरला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा शाळेतले साहेब घरी चहाला आले होते. तुम्ही साखर किती घेता, असं त्यांनी लिलाबाईला विचारलं आणि ती सहज बोलून गेली, "मले गोडच लागते." गुरुजी हसले. साहेब गेले आणि गुरुजींचं बोलणं थांबलं. जेवायला बसत, उठत, पेपर वाचत, पण ती खोलीत आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसतच नसे. काय झालं म्हणून विचारलं तर, "काही नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, आठवडा उलटला तरी तेच. मग ती एकेक गोष्ट आठवून माफी मागू लागली. चहा पातळ झाला का, पदर नीट नव्हता का, मधेच बोलले म्हणून का. कशालाच ते हो म्हणेनात. एके सकाळी आपणहून म्हणाले, "'मला' म्हणतात, 'मले' नाही." आणि लगेच, जणू काहीच झालं नव्हतं अशा आवाजात, "धोतर वाळत घातलंस का?"

त्या सकाळी झालेला आनंद पुढे कायम तिच्या लक्षात राहिला. इतका आनंद तर तिला लग्नातही झाला नव्हता.

पुढे सगळा संसार असाच गेला. गुरुजी बोलायचे थांबत आणि लिलाबाई आपली चूक शोधत फिरायची. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा तिचं नाव आलं. गुरुजींनी चारचौघांत तिचं अभिनंदन केलं, जरूर कर म्हणाले. घरी आल्यावर अबोला. तो इतका लांबला की शेवटी तिनंच जाऊन सांगितलं, मी नाही करत. त्या दिवशी गुरुजींनी बाजारातून जिलबी आणली आणि पुढे कितीतरी वर्षं ते लोकांना सांगत, "मी तर म्हटलं होतं हिला. हिलाच झेपलं नाही."

कपाटाची किल्ली हरवायची. ती दिवसभर डबे उपसायची, गाद्या उलथ्यापालथ्या करायची, रडकुंडीला यायची. संध्याकाळी गुरुजी शांतपणे खुंटीवरच्या सदऱ्यातून किल्ली काढून समोर ठेवत. "इथंच तर होती. तुझं लक्ष कुठं असतं?" भाजीचंही तसंच. कधी खारट, कधी अळणी. ताट सरकवून उठत, आवाज न चढवता. होता होता लिलाबाईचा आपल्या जिभेवरचाच भरवसा उडाला. भाजी उतरवली की ती वाटीत घोटभर रस्सा घेऊन कुंपणापाशी जायची आणि शेजारच्या गोमतीबाईला म्हणायची, "बाई, चाखून पाह्य जराशी. मले मीठ समजत नाही." गोमतीबाई चाखायची, बरोबर हाय म्हणायची. तरी ताट सरकायचं ते सरकायचंच. गोमतीबाई हसून म्हणे, "येकेकाची जीभच तशी असते." कुणाची, ते दोघींपैकी कुणीच बोलत नसे.

अनुप हा एकुलता एक मुलगा या घरात वाढला. घरात कुणाच्या तोंडाकडे पाहायचं आणि कुणाकडे पाहायची गरज नाही, हे तो चालायला लागायच्या आधीच शिकला असावा. मोठा झाला, मंगरूळपीरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागला, आणि त्याच्यासाठी रिठदची मुलगी पाहिली. तिचं नाव धम्मदीपा. नर्सिंगचं शिकलेली, वाशिमला एका दवाखान्यात नोकरीला होती. तिचा बाप भिवाजी थोडीशी शेती करणारा, साधा माणूस. पोरगी घरात आली तेव्हा तिच्या हसण्यानं घर दणाणलं होतं. हसताना ती जे हातात असेल ते खाली ठेवायची, मग दोन्ही हात मोकळे करून हसायची. लिलाबाईला पहिल्या दिवसापासून तिची भीती वाटली. पोरगी वाईट होती म्हणून नाही. हे हसू इथं टिकणार नाही, एवढं तिला आतून कळत होतं.

टिकलं नाहीच. आधी नोकरी गेली. रात्रपाळी असते, लोक काय म्हणतील. मग मैत्रिणींचे फोन गेले. मग फोनच अनुपच्या खिशात राहू लागला, कारण तिला म्हणे फोनवर बोलून उगीच डोकं दुखवून घ्यायची सवय होती. अनुप बापापेक्षा जास्त बोलायचा. रात्री गोड, सकाळी मुका, असंही त्याला जमायचं. दीपा सासूला विचारी, "आई, माहं काय चुकलं?" आणि लिलाबाई तिला जे ठाऊक होतं ते देई. गप्प राहा. पोहे कर, त्याला आवडतात. माफी मागून टाक, आपलं काय जातं. दोन दिवसांनी बोलतो तो. आपण या पोरीला काय शिकवतो आहोत, याचा विचार तिच्या मनात तेव्हा आला नव्हता. उन्हात चालणाऱ्याला डोक्यावर पदर घे म्हणावं, तेवढ्याच सहजतेनं ती ते सांगत होती.

मग एका दुपारी हे झालं. लिलाबाई मागच्या अंगणात तूर पाखडत बसली होती. दीपा चुलीकडून, म्हणजे आताच्या गॅसकडून, हातात वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत घोटभर रस्सा होता. सासूपुढं उकिडवी बसून म्हणाली,

"आई, जरा चाखून पाहा ना. मीठ बरोबर हाय का? मले समजूनच नाही राह्यलं."

लिलाबाईचा सुपावरचा हात थांबला. तिनं वाटी घेतली. किती वर्षांत तिनं कुणाच्या सांगण्यावरून चव घेतली नव्हती. घोट जिभेवर घोळवला. मीठ बरोबर होतं. त्यात शंकाच नव्हती. तिखट किंचित पुढं होतं, शेंगदाण्याचं कूट जरा जाड राहिलं होतं, आणि मीठ अगदी जिथं हवं तिथं होतं. हे सगळं आपल्याला कळतंय, हे कळून ती वाटीकडे पाहत राहिली.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"खरंच?"

"बरोबर हाय, दीपा."

पोरगी उठून आत गेली. लिलाबाई तिथंच बसली. कोंबड्या येऊन सुपातली तूर टिपू लागल्या तरी तिनं त्यांना हाकललं नाही. या पोरीच्या भाजीत मीठ बरोबर आहे आणि तरी हिला ते कळत नाही. मग आपल्या भाजीतही ते बरोबरच असेल. किल्लीही आपण हरवली नसेल. अंगणवाडीही आपल्याला झेपली असती. एकामागून एक अशा कितीतरी गोष्टी तिच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीतही तिला आता आपली चूक दिसेना. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. चूक आपली नव्हती तर मग एवढं आयुष्य कशासाठी गेलं?

जेवायला बसल्यावर अनुपनं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. "किती मीठ टाकलं हे? आई, हिले शिकव काहीतरी." गुरुजींनी मान वर केली नाही, पण त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलेलं लिलाबाईनं पाहिलं. ते त्याच भाजीशी भाकरी खात होते.

"मीठ बरोबर हाय," लिलाबाई म्हणाली. "म्या चाखली."

गुरुजींनी घास खाली ठेवला. "लिला, तुझ्या जिभेचा दाखला कशाला देतेस?" असं अगदी मऊ आवाजात म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्या दिवसापासून घरात दोन बायकांशी दोन पुरुषांचा अबोला सुरू झाला. लिलाबाईनं या वेळी माफी मागितली नाही. हे सोपं नव्हतं. तिला जेवण जाईना, रोज सकाळी उठून तोंडाशी आलेले शब्द ती चहाबरोबर गिळायची. पण बोलायचं नाही म्हटल्यावर पाहायला तिला वेळ मिळाला. बाप-लेक एकमेकांशी नीट बोलत होते. टीव्हीसमोर हसत होते. दूधवाला आला की गुरुजी त्याच्या पोराच्या अभ्यासाची चौकशी करत, आणि तो वळला की चेहरा पुन्हा दगडासारखा. इतकी वर्षं तिला वाटायचं की यांना आपल्यामुळं फार यातना होतात, म्हणून हे गप्प होतात. यातना वगैरे काही नव्हत्या. टोपी काढून खुंटीला लावावी तितक्या सहज ते बोलणं काढून ठेवत होते.

त्याच दिवसांत भिवाजी लेकीला पाहायला आला. फोनवर लेक भेटत नाही, जावई दर वेळी ती झोपली म्हणतो, म्हणून काळजीनं आला होता. सोबत भुईमुगाच्या शेंगांची थैली. लेक समोर बसली, बरं हाय म्हणाली, आणि आत निघून गेली. गुरुजींनी त्याला चहा दिला, पावसापाण्याचं बोलले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. भिवाजी निघाला तेव्हा लिलाबाई दळण आणण्याच्या निमित्तानं मागोमाग निघाली आणि फाट्याजवळ तिनं त्याला गाठलं.

"भाऊ, पोरीले घेऊन जा."

भिवाजी घाबरला. "काहून? मारते का तो?"

"नाही."

"दारू पेते?"

"नाही."

"मंग ताई?"

काय सांगायचं? किल्ल्यांचं सांगायचं? न बोलण्याचं? ऐकणारा म्हणेल, एवढंच ना. ट्रक धुरळा उडवत जात होते आणि ती पदर तोंडाशी धरून उभी होती. शेवटी म्हणाली, "माह्याकडे पाह्य भाऊ. मी अशी नव्हती. तुमची पोरगी दहा वर्सांत अशी होईन."

भिवाजीनं तिच्याकडे पाहिलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. पण तो गरीब माणूस, गुरुजींसारख्या माणसाविरुद्ध उभं राहणं त्याच्या छातीत नव्हतं. तो म्हणाला, घरी विचार करतो, आणि जीपमध्ये बसून गेला.

त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही हे लिलाबाईला समजलं. आठ दिवसांनी, ऐन सकाळी, तिनं दीपाला सांगितलं, कागदपत्रं आणि दोन साड्या घे. दीपा म्हणाली, "मी गेली तं ते तुमाले राहू देतीन का?" लिलाबाई म्हणाली, "मीबी येतो." माहेरच्या बाया म्हणत तसं, 'येते' नव्हे, 'येतो'. आपण 'मीबी' म्हणालो याचं तिलाच आश्चर्य वाटलं, कारण तोपर्यंत तिनं फक्त सुनेला पोचवायचं ठरवलं होतं.

अनुप ड्युटीवर गेला होता. गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते. दोघी पिशव्या घेऊन समोर आल्या तेव्हा त्यांनी पेपर खाली केला. कितीतरी दिवसांनी बोलले.

"जा. अडवलंय कोणी? फक्त वाशिमची गाडी कुठून सुटते, एवढं कुणाला तरी विचारून घे. तुला कुठं ठाऊक असणार."

आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं. एकटीनं ती कधी कुठं गेलीच नव्हती. फाट्यावर येऊन तिनं एका पानठेल्यावाल्याला विचारलं. त्यानं हातानं रस्त्याची पलीकडची बाजू दाखवली. एवढंच होतं ते. जीपमध्ये दोघी अंग चोरून बसल्या. वाशिमला उतरताना लिलाबाईला ओकारी झाली.

तिथून दुसऱ्या जीपनं त्या रिठदला पोचल्या. भिवाजीनं दार उघडलं, त्यानं काही विचारलं नाही. पण गावानं विचारलं. सून माहेरी येते हे लोकांना समजतं, सोबत सासूही येते हे कसं समजावं? कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, गुरुजींसारख्या माणसाला बट्टा लावला. व्याह्याच्या घरी फार दिवस राहता येत नाही. दीपाला जुन्या दवाखान्यात पुन्हा काम मिळालं तशी दोघींनी वाशिमला एक खोली घेतली. लिलाबाई मुलींच्या एका खाजगी वसतिगृहात लागली. फाटक उघडायचं, लावायचं, आजारी पोरीला काढा करून द्यायचा.

एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दीपा तिला महिलांच्या समुपदेशन केंद्रात घेऊन गेली. तिथल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, याला छळ म्हणतात. लिलाबाई गोंधळली. छळ म्हणजे तिला वाटायचं रॉकेल, चटके, उपाशी ठेवणं. "मले कोनी हात नाही लावला, बाई," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, जणू गुरुजींवर आळ येऊ नये ही अजूनही तिचीच जबाबदारी होती. घरी आल्यावर तिनं तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला. तो शब्द आपला म्हणावा की नाही, हे तिला ठरवता येईना.

बरं होणं म्हणजे काय असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण मोकळ्या झालो असं तिला सकाळी कधी वाटायचं आणि दुपारी ते गेलेलं असायचं. घरमालक एखाद्या दिवशी न बोलता जिना चढून गेला की ती रात्रीपर्यंत आपलं काय चुकलं ते शोधत बसे. बाजारात पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा तर भाजीवाल्या सीताबाईपुढं नुसती उभीच राहिली. वांगी होती, पालक होता, कोवळी गवार होती. सीताबाईनं विचारलं, "काय देऊ?" आणि लिलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींना काय चालतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आपल्याला काय आवडतं, हे तिला माहीत नव्हतं. सीताबाई माळीण फटकळ बाई. म्हणाली, "घ्यायचं तं घे बाई, नाहीतं बाजूले हो, गिऱ्हाइकं खोळंबली." लिलाबाईनं गवार घेतली. खाऊन पाहिल्यावर कळलं, तिला गवार मुळीच आवडत नाही. ही तिला स्वतःबद्दल नव्यानं कळलेली पहिली गोष्ट. तिनं दीपाला ते सांगितलं, आणि दीपानं हातातली पोळी खाली ठेवली. हसली मात्र थोडीशीच.

दिवाळीच्या सुमारास निरोप आला, गुरुजींची तब्येत बरी नाही. लिलाबाई एकटीच गेली. गुरुजी पलंगावर बसून पाहुण्यांशी गप्पा मारत होते. तिला पाहून सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "आली का फिरून? बस, दमली असशील." पाहुण्यांना किती थोर वाटलं त्यांचं. चार दिवस ते तिच्याशी असे गोड बोलले की तिचं मन विरघळायला लागलं. पाय इथंच थांबावेत असं वाटू लागलं, आणि त्याची तिला लाजही वाटली. पाचव्या दिवशी तिनं दीपाला फोन लावलेला गुरुजींनी ऐकला. चहाचा कप खाली ठेवला आणि भिंतीकडे वळून पडून राहिले. लिलाबाईनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं पिशवी भरली. वाटेत गोमतीबाई कुंपणाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "जाय माय. मी पाह्यत होती इतके वर्सं. बोलली नाही." लिलाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि चालू लागली. यापेक्षा जास्त काही त्या दोघींना जमलं नाही.

खोलीत सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. दीपा दवाखान्यातून थकून येई आणि तोंड मिटून पडे. लिलाबाई तिच्याभोवती घुटमळे, चहा देई, पाय चेपू का विचारी, न केलेल्या चुकांची माफी मागे. एकदा दीपा चिडली. लिलाबाई म्हणाली, "शिव्या दे पाह्यजे तं. पन गप्प नोको राहू माय."

"आई, मी रागानं नाही गप्प. नुसती थकली."

"मंग तेवढं सांगत जाय."

तेव्हापासून दीपा दारातूनच सांगते, आज थकली, किंवा आज एक पेशंट गेला, आज बोलायचं नाही. आणि लिलाबाई गॅसकडे वळते. हे ऐकून तिची छाती शांत होते असं नाही. पण आता ती चूक शोधायला उठत नाही.

दीपानं अनुपवर कोर्टात टाकलेली केस अजून तारखांवर चालू आहे. अनुप तारखेला येतो, आईकडे पाहत नाही. मधूनमधून त्याचा फोन येतो. लिलाबाई लगेच उचलते. पलीकडून काहीच ऐकू येत नाही. टीव्हीचा आवाज येतो, त्याचा श्वास येतो. सुरुवातीला ती बोलत सुटायची. जेवला का, बाबा कसे आहेत, माझ्यावर रागावला का रे, माझं चुकलं असेल तर. पलीकडे तसंच. मग फोन कट व्हायचा आणि ती रात्रभर तळमळायची.

परवा असाच फोन आला. वसतिगृहाचं फाटक उघडं होतं, पोरी कॉलेजातून परतत होत्या. लिलाबाई स्टुलावर बसून थोडा वेळ त्याचा श्वास ऐकत राहिली. तो लहान होता तेव्हा आजारपणात तिच्या खांद्यावर असाच श्वास घ्यायचा.

"अनुप, बोलाचं असन तं बोल," ती म्हणाली. "नाहीतं मी ठेवतो."

तो बोलला नाही. तिनं फोन ठेवला. मग तो पालथा करून मांडीवर दाबून धरला. शेवटची पोरगी आत आली, तिनं विचारलं, मावशी, काय झालं? लिलाबाई म्हणाली, पोराचा फोन होता. आणि उठून तिनं फाटक लावलं.